जुन्या रिव्हॉल्व्हरचे मूल्यांकन (कोल्हापूर)

जुन्या रिव्हॉल्व्हरचे मूल्यांकन म्हणजे वापरलेल्या, बहुधा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बनलेल्या रिव्हॉल्व्हरची वाजवी किंमत ठरवणे. कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न मुख्यतः दोन प्रसंगी उभा राहतो. परवानाधारक वारला की वारसांना त्याचे शस्त्र विकायचे असते, हा पहिला. दुसरा २०१९ च्या कायदादुरुस्तीमुळे आला: एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि ज्यांच्याकडे तीन होती त्यांना एक कमी करावे लागले. संस्थानी काळातली घराणी, मोठे बागायतदार आणि निवृत्त लष्करी अधिकारी यांच्याकडची जुनी विलायती शस्त्रे अशीच बाजारात येतात.

इथे किंमत ठरण्याचा क्रम कागद, बोअर (नळीचे व काडतुसाचे माप), यंत्र आणि मग रूप असा असतो. घेणारे बहुतेक जण उलट्या टोकाने, म्हणजे रूपापासून सुरुवात करतात आणि फसतात.

बोअर आणि कागद

शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे .३८० किंवा .४५५ चे, रिम (बुडाशी बाहेर आलेली कड) असलेले काडतूस ज्यात बसते व उडते ते रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, केंद्र सरकार देते. पहिल्या महायुद्धातले वेब्ली मार्क ६, दुसऱ्या महायुद्धातले एनफिल्ड नंबर २, .३८० मधले वेब्ली मार्क ४ आणि ब्रिटिश फौजेसाठी अमेरिकेत बनलेले स्मिथ अँड वेसन हे सगळे या वर्गात येतात. परदेशातले संग्राहक यांच्यामागे धावतात. कोल्हापुरात मात्र ते घ्यायला कायदेशीर गिऱ्हाईक जवळजवळ नसते, म्हणून परदेशी किंमतपुस्तकातला आकडा इथे लावण्यात अर्थ नाही.

.३२ बोअरची गोष्ट नेमकी उलटी आहे. सामान्य परवान्यावर बाळगता येणारे रिव्हॉल्व्हर बहुधा याच बोअरचे असते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही, त्यामुळे देशात आधीपासून आहेत तेवढेच नग हातोहात फिरत राहतात. अमेरिकेत किरकोळ समजले जाणारे .३२ चे स्मिथ अँड वेसन हँड इजेक्टर किंवा कोल्ट पोलीस पॉझिटिव्ह इथे कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या नव्या रिव्हॉल्व्हरपेक्षा महाग जाते ते या टंचाईमुळे, गुणांमुळे कमी.

कागदांत पाहायचे ते असे: परवान्यावरचा नंबर आणि शस्त्रावरचा नंबर अक्षरशः जुळतो का, बोअर नेमके काय लिहिले आहे, युनिक आयडी नंबर (परवान्याच्या राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक) पडला आहे का, नूतनीकरण चालू आहे का. जुन्या हस्तलिखित परवान्यांत '३' चा '८' झालेला किंवा नंबराआधीचे इंग्रजी अक्षर गळलेले अधूनमधून दिसते. ही चूक जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेतून दुरुस्त होईपर्यंत शस्त्राला भाव नाही, मग ते कितीही चकचकीत असो.

शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्रांना सूट आहे. 'अँटिक आहे, लायसन लागत नाही' हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडी त्यातूनच येते. दुरुस्त करूनही जे अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नाही, त्यापुरतीच ही सूट आहे. घोडा (चाप ओढल्यावर पुढे आपटणारा मागचा भाग) पडतो आणि सिलिंडर (काडतुसांच्या कप्प्यांचे फिरते नळकांडे) फिरते अशा नगाला ती लावू पाहणे म्हणजे गुन्ह्याला निमंत्रण.

यांत्रिक तपासणी

तपासणी परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात करावी. आधी सिलिंडर उघडून सगळे कप्पे रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करायची. जुन्या नगांत फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारे टोक) घोड्यालाच जोडलेली असते आणि कोरडा घोडा आपटल्याने ती तुटू शकते. म्हणून डमी काडतुसे घालावीत किंवा घोडा अंगठ्याने धरून सावकाश खाली आणावा.

पहिली चाचणी टायमिंगची, म्हणजे सिलिंडर वेळेवर जागेवर अडकते का याची. घोडा अगदी हळू मागे ओढायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने सिलिंडरला किंचित अडवायचे. घोडा पूर्ण चढण्याच्या आत किंवा चढताक्षणी सिलिंडर 'टक' करून अडकले पाहिजे. ही चाचणी प्रत्येक कप्प्यावर करावी, कारण सिलिंडर फिरवणाऱ्या सहा दातांपैकी एकावरच झीज असणे हे नेहमीचे दुखणे आहे. सिलिंडर उशिरा अडकत असेल तर कप्पा आणि नळी एका रेषेत येण्याआधी गोळी सुटते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. नळीच्या मागच्या तोंडाशी एकाच बाजूला शिसे साचले असेल तर ही खूण पक्की.

दुसरी, सिलिंडर आणि नळी यांमधली फट. यासाठी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लागते, जे उद्यमनगरात इंजिनचे काम करणाऱ्या कुणाकडेही मिळेल. सिलिंडर मागे दाबून एक माप आणि पुढे दाबून दुसरे माप घ्यावे. फट साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर असेल तर उत्तम, ०.३० च्या पुढे गेली की वायू वाया जातो आणि शेजारी उभ्या माणसालाही धोका असतो. दोन मापांतला फरक म्हणजे सिलिंडरचा पुढेमागे होणारा खेळ. तो ०.०५ च्या आत असावा, ०.१० च्या वर गेला तर काम निघालेच.

बाजूचा खेळ तपासताना मात्र मेक ओळखावा लागतो. जुने कोल्ट चाप पूर्ण दाबून धरल्यावर अगदी घट्ट बसले पाहिजे, तशीच त्याची रचना आहे. स्मिथ अँड वेसनमध्ये किंचित हालचाल नैसर्गिक असते. हे माहीत नसलेला माणूस चांगले स्मिथ नाकारतो आणि थकलेले कोल्ट 'थोडेच हलते' म्हणून घेतो.

मग घोडा चढवून अंगठ्याने मागून पुढे दाबायचा. चाप न ओढता तो पडला तर घोड्याची खाच झिजलेली आहे किंवा कुणी चाप हलका करण्यासाठी कानस मारली आहे. असे शस्त्र वापरण्याजोगे नाही आणि त्याची किंमत सुट्या भागांपुरतीच.

मधून मोडून उघडणाऱ्या वेब्ली पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरला बिजागरी आणि वरची कडी असे दोन नाजूक सांधे असतात. बंद करून एका हातात मूठ, दुसऱ्यात नळी धरून वरखाली हलवावे. खडखडाट जाणवला तर प्रत्येक गोळीगणिक तो वाढत जाणार. कानपूरचे नेहमीचे .३२ ही याच पद्धतीचे असल्याने त्यालाही ही चाचणी लागू आहे.

नळीत टॉर्च टाकून पाहताना आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) धारदार आहेत का ते पाहतातच. त्याहून महत्त्वाची असते काळी कडी. नळीत मधेच अंगठीसारखी सावली दिसली तर तिथे नळी फुगली आहे, म्हणजे अडकलेल्या गोळीमागून दुसरी गोळी झाडली गेली. बारीक खड्डे हे बहुधा जुन्या काडतुसांचे देणे. त्यांच्या बुडाच्या, ठिणगी देणाऱ्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटचे क्षार मागे राहतात, हवेतले पाणी ओढतात आणि पोलाद खातात. हलके खड्डे असूनही नेम बरा लागतो, म्हणून किंमत थोडीच उतरवावी. फुगवट्यावर मात्र तडजोड नको.

मेक आणि खुणा

१९२० च्या दशकात स्पेनमधील एइबार येथे स्मिथ आणि कोल्टच्या हुबेहूब नकला बनत. दिसायला तशाच, पण पोलाद मऊ. सिलिंडरच्या खाचा लवकर चेपतात आणि सुटे भाग मूळ मेकचे बसत नाहीत. नाव वाचून न थांबता प्रूफ-मार्क (अधिकृत चाचणीचे ठसे) पाहावेत. मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी अशी अक्षरे म्हणजे बर्मिंगहॅमची चाचणी, तर लंबवर्तुळात ईएलजी म्हणजे बेल्जियममधील लीज. १९२५ नंतर काही दशके इंग्लंडमध्ये चाचणी झालेल्या परदेशी शस्त्रांवर 'नॉट इंग्लिश मेक' असा ठसा मारत. विलायती म्हणून दाखवल्या जाणाऱ्या नगावर हा ठसा दिसला तर मेक पुन्हा तपासावा.

नंबर एकाच जागी पाहून भागत नाही. जुन्या स्मिथवर तो मुठीच्या बुडाशी, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या सपाट भागावर असतो. लाकडी मुठीच्या उजव्या फळीच्या आतही तोच पेन्सिलने लिहिलेला किंवा ठोकलेला मिळतो. सिलिंडर वेगळ्या नंबराचे असेल तर टायमिंग काटेकोर तपासावे.

चकाकी

पुन्हा ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) किंवा निकेल केलेले शस्त्र हा कोल्हापूरच्या बाजारातला सगळ्यात मोठा चकवा. शहरात पॉलिशचे काम करणारे हात कमी नाहीत, पण बफ (पॉलिशचे चाक) कुठे थांबवायचा हे शस्त्रावर वेगळे असते. चौकटीच्या कडा गोल होतात, अक्षरे उथळ पडतात आणि पेचांची भोके बशीसारखी खोलगट होतात. जुन्या स्मिथचा घोडा आणि चाप कारखान्यातून निकेल होऊन येत नसत; तेही चांदीसारखे चमकत असतील तर काम नंतरचे आहे. संग्राहकांच्या जगात अशा नगाचे मोल ढोबळमानाने निम्म्यावर येते. केवळ वापरासाठी घेणाऱ्याला एवढा फटका नाही. मात्र पॉलिशखाली कुठला गंज घासून काढला, हे त्याने विचारावे. मूळचे, कडांवर उडालेले, फिकट तपकिरी झालेले ब्लूइंग नेहमीच वरचढ.

हवामानाचा वाटा वेगळा धरावा लागतो. गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा पट्ट्यात पावसाळाभर चामड्याच्या केसमध्ये ठेवलेले शस्त्र आतून गंजते, कारण चामडे ओल धरते. अशा नगाची केसला टेकलेली बाजू आधी पाहावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगाकाठची घरे बुडाली. पाण्यात राहिलेल्या शस्त्राच्या बाजूच्या झाकणाआड गाळ आणि गंज असतो, बाहेरून काही दिसत नाही. झाकणाच्या सांध्यावर पेचकसाने उचकटल्याच्या खुणा असतील तर ते उघडून दाखवायला सांगावेच. खोबरेल तेल घालून ठेवायची सवयही इथे आहे. ते साधारण २४ अंशांखाली गोठते, म्हणून थंडीतल्या सकाळी चाप जड लागतो. हा दोष नुसत्या सफाईने जातो. विकणाऱ्याने आधीच सफाई करून घेतली तर त्याचाच फायदा.

आकडा काढणे

तुलनेला दोन आकडे घ्यावेत: कानपूरच्या नव्या .३२ ची चालू किंमत आणि त्याच मेकच्या, त्याच बोअरच्या नगाचा अलीकडचा खरा व्यवहार. मागणी केलेली किंमत हा व्यवहार नव्हे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे इथल्या दोन-तीन परवानाधारक विक्रेत्यांना विचारले की अंदाज येतो. त्यातून दुरुस्तीचा खर्च पूर्ण वजा करावा आणि सुटा भाग मिळेलच याची खात्री नसल्यास वर आणखी थोडे. कोल्टचे टायमिंग बसवणारे हात फार कमी आहेत, म्हणून कोल्टवर ही वजावट जास्त धरतात.

बाजार लहान असल्याने घाईला किंमत असते. नवा परवाना मिळालेल्याला ठरावीक मुदतीत शस्त्र घ्यावे लागते आणि तो चढा भाव देतो. उलट वारसांनी पोलीस ठाण्यात किंवा दुकानात जमा केलेले शस्त्र वर्षानुवर्षे पडून गंजते, दुकानाचे भाडे चढते आणि शेवटी ते मिळेल त्या भावाने जाते. वारसांनी जमा करतानाच शस्त्राची स्थिती लेखी नोंदवून, फोटो काढून आणि तेल लावून द्यावे.

व्यवहार

विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचे आणि त्यानंतर किमान ४५ दिवस गेल्याशिवाय शस्त्र हस्तांतरित करायचे नाही, असे शस्त्र अधिनियमाचे कलम ५ सांगते. इसार द्यायचा तर पावतीवर मेक, बोअर, नंबर आणि 'परवानगी न मिळाल्यास रक्कम परत' एवढे लिहून घ्यावे. उरलेली रक्कम बँकेतून, दोन्ही परवान्यांवर नोंद झाल्याच्या दिवशी. मधल्या काळात शस्त्र घेणाऱ्याच्या घरी 'बघायला' नेणे हा बेकायदा ताबा ठरतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघालेले असताना तर तो प्रकार लगेच उघड्यावर येतो.