झेंडूला ठिबक लावलं, तर पाटाची सवय सोडा

दसऱ्याच्या झेंडूची रोपं बुक करायला आमच्या रोपवाटिकेत आलेले कास्तकार हमखास विचारतात: सरी-वरंब्यावर पाटपाणी बरं, की बेड (गादीवाफा), मल्चिंग (बेडवर अंथरलेला प्लास्टिकचा कागद), ठिबकवरची काटेकोर शेती?

पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, किडी स्वतःकडे ओढणारं सापळा पीक म्हणून दोन-चार ओळीच लावायच्या असतील, तर ठिबकचा खर्च करूच नका. मुरमाड, निचऱ्याच्या वावरातही पाटपाण्यावर झेंडू चांगला येतो. निंदणाची मजुरी तेवढी वाढते. पण एकरभर लावून माल बाजारात न्यायचा आणि जमीन भारी काळी, तर आम्ही बेड-ठिबकच सांगतो. पाच फुटी बेडवर सव्वा फुटाला एक रोप, एकरी साधारण 7 हजार. विद्राव्य खत थोडं थोडं मुळाशीच जातं. एकदम युरिया फेकला की झाड पाल्यावर जातं आणि फुलं दसरा हुकवतात.

खरं दुखणं पुढंच आहे. ठिबक बसतं, पण ओलीत पाटाच्या सवयीनंच चालतं. रात्रीची विजेची लाईन, मोटार ऑटोवर (वीज आली की आपोआप सुरू), व्हॉल्व्ह उघडा. लाईन आली की आठ तास पाणी सुरू. पाच फुटांवर नळी, 40 सेंटीमीटरवर 2 लिटरचा ड्रिपर, म्हणजे एकरी तासाला 13 हजार लिटर. रात्रभरात लाखाच्या वर! पूर्ण वाढलेल्या झेंडूलाही ऑक्टोबरच्या उन्हात दिवसाला तास-दीड तास पुष्कळ होतो. दोन बेडमधली नाली भिजेपर्यंत थांबू नका. ती कोरडी राहते, त्याचेच तर पैसे मोजलेत.

जास्त पाण्यानं काळ्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि झाड दुपारी मान टाकतं. तहान लागली समजून आणखी पाणी सोडलं जातं, आणि मग आम्हाला फोन येतो, "रोपं खराब दिली." असं एक झाड उपटा, मुळी चिमटीत धरून ओढा. तपकिरी साल सुटून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला, तर ती मूळकूज. पाणी सोडण्याआधी मल्चिंगच्या भोकातून खुरप्यानं चार बोटं खालची माती काढून मुठीत दाबा. चिकट गोळा झाला तर आज पाणी नाही. फुटला तर सोडा.

माती परीक्षणाचा कागद पाहिल्याशिवाय आम्ही खताचं वेळापत्रक देत नाही, यावर काहीजण नाराज होतात. पण न पाहता दिलं तर महागडी पुडी वाया जाते, आणि ती आमच्याच दुकानातून नेलेली असते. ऑटोच्या त्रासावर टायमरचा व्हॉल्व्ह आमच्याकडे मिळतो. रोपं आमची असतील तर बसवण्याची मजुरी घेत नाही.

दसऱ्याला तोडा हवा तर लागवड दोन महिने आधी, आणि रोप तयार व्हायला 25 ते 30 दिवस. बुकिंग त्या हिशोबानं करा. मर लागली, म्हणजे झाडं सुकून मरू लागली, तर मोबाईलवर फोटो पाठवू नका. दोन झाडं मुळं आणि मातीसकट पिशवीत घालून आणा.