एकाच बारवेत दोन हाका

पैठणच्या नाथसागरावर आमच्या भावकीतल्या एका पोराची फायबरची होडी आहे. तिच्यावर एक फिशफाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, आधीपासून होता. यंदा त्यानं मोठ्या पडद्याचा आणखी एक जुना उचलला, पण त्यासोबत पाण्यात बुडवायचा भाग, ट्रान्सड्यूसर, आला नाही. "काका, पहिल्याचीच वायर मधातून तोडून दोघांला जोडली तर काय होतंय? टीव्हीची केबल नाही का आपण वाटून घेत?"

केबल नुसतं आणून देते. ही वायर नेतेही आणि आणतेही. सगळी भानगड तिथंच आहे.

होडीच्या मागच्या फळीला पाण्याखाली जो काळा ठोकळा असतो, तोच ट्रान्सड्यूसर. त्याच्या पोटात सिरॅमिकची चकती असते. वीज दिली की ती आकसते-फुगते, आणि दाबली की उलट वीज देते. क्वार्ट्झसारख्या स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं होतं. म्हणजे हे तोंडही आहे आणि कानही. यंत्र तिला शेकडो व्होल्टचा क्षणभर झटका देतं, चकती सेकंदाला २ लाख वेळा थरथरते (हेच ते २०० किलोहर्ट्झ) आणि मग गप्प बसून ऐकते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४८० मीटर धावतो. तळ १० मीटरवर असला तर प्रतिध्वनी सेकंदाच्या साधारण ७४व्या भागात परत येतो, आणि तो व्होल्टच्या हजाराव्या-लाखाव्या भागाइतका क्षीण असतो.

आता एकाच वायरीवर दोन यंत्रं टाका. पहिल्यानं मारलेला झटका दुसऱ्याच्या नाजूक कानात, म्हणजे क्षीण प्रतिध्वनी ऐकणाऱ्या भागात, थेट शिरतो. कान जळायची भीती. शिवाय दुसरं यंत्र पहिल्याची ताकद पिऊन टाकतं ते वेगळंच.

मग त्यानं एका ओळखीच्याकडून ट्रान्सड्यूसर मागून आणला आणि दोन्ही यंत्रं २०० वरच लावली. पडद्यावर तिरक्या ठिपक्यांच्या रांगा उमटल्या. पोरगा खूश: "केवढा थवा!" पण मासे पट्टीनं रेघ मारल्यासारखे पोहत नसतात. मासा ध्वनीच्या शंकूत कडेनं शिरतो, जवळ येतो, लांब जातो, म्हणून त्याची कमान उमटते. तीही मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळं. रांगा होत्या शेजारच्या यंत्राच्या हाकांच्या. बारवेत दोघांनी एकदम ओरडावं आणि आपली हाक कुठली ते कळू नये, तसं. एकाला ८३ किलोहर्ट्झवर नेलं, रांगा गेल्या.

खरं तर दोन वारंवारिता एकत्र असणं फायद्याचंच. २०० चा शंकू अरुंद, साधारण २० अंशांचा. १० मीटरवर तो तळाचा साडेतीन मीटर रुंद तुकडा पाहतो, बारीक पण स्पष्ट. ८३ चा ६० अंशांपर्यंत पसरतो, तोच तुकडा साडेअकरा मीटर होतो. एकाच ठोकळ्यात दोन्ही देणारे ट्रान्सड्यूसर मिळतात, अर्थात यंत्रालाही ते चालवता आलं पाहिजे.

एकच ट्रान्सड्यूसर दोघांत वाटायचा असेल तर मधे बदल-स्विच बसवावा: एका वेळी एकच यंत्र, आणि दोन्ही बंद करूनच स्विच फिरवायचा. नाहीतर चकती एकाच यंत्राच्या ताब्यात ठेवून त्यानं ऐकलेलं दुसऱ्याला तारेनं पाठवायचं. नव्या, एकाच कंपनीच्या यंत्रांत पूर्ण चित्र जातं. या पोराच्या जुन्या जोडीत खोलीचा नुसता आकडाच गेला. तेवढ्यावर तो तोंड वाकडं करून बसला.

त्याचे वडील मात्र हसले नाहीत, बोललेही नाहीत. त्यांनी दगड बांधलेली दोरी सोडली, हातानं मोजली. यंत्र म्हणालं ६.२ मीटर, दोरी हातभर जास्त. "मशीन खोटं बोलतंय," पोरगा म्हणाला. खोटं कुणीच नव्हतं. २०० किलोहर्ट्झची हाक मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच फिरते. धरणातला गाळ मोजणारे म्हणूनच जोडीला ३० किलोहर्ट्झच्या आसपासची जाड हाक वापरतात, ती गाळात शिरते. दगड वर आला तेव्हा त्याला हातभर दोरीसकट काळा चिखल चिकटला होता.