तलावावरचं हिरवं: काडीला लोंबणारं आणि काडीला माखणारं

भंडारा-गोंदियाकडे मामा तलावाचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचं पाणी हिरवं दिसलं की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो: शेवाळ. ढोरं पाण्यावर नेणारा तेच म्हणतो, जाळं टाकणारा ढिवरही तेच म्हणतो. पण या एका नावाखाली दोन निराळे जीव आहेत आणि आपण भितो ते नेमके चुकीच्याला.

पायाला गुंडाळणारं, जाळ्यात अडकणारं, ओल्या केसांच्या गुंत्यासारखं असतं ते खरं हिरवं शेवाळ. हात लावायला किळस येते, पण ते विष करत नाही. फार तर मोटरचा फुटव्हॉल्व्ह जाम करेल.

दुसरं दिसायला सोज्वळ असतं. कुणी पाण्यात हिरवा ऑइलपेंट सांडावा तशी त्याची साय, आणि सुकली की काठच्या दगडांवर निळसर डाग. पुस्तकात याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतात खरं, पण हे मुळात शेवाळच नाही. हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. त्यातल्या मायक्रोसिस्टिसचं विष यकृतावर घाव घालतं. अशी साय असलेलं पाणी पिऊन जनावरं मेल्याची नोंद १८७८ सालापासूनची आहे, ऑस्ट्रेलियातली.

ओळखायचं कसं? लांब काडी घाला. शेवाळ असेल तर काडीला लोंबत वर येतं, आणि सायनो असेल तर काडी रंगात बुडवल्यासारखी माखते. शंका राहिलीच तर काचेच्या बरणीत पाणी भरून ठेवा (हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून) आणि रात्रभर हलवू नका. सकाळी हिरवं वर तरंगलेलं दिसलं तर बहुधा सायनो. यातून ते विषारी आहे की नाही हे मात्र कळत नाही, कारण एकाच मायक्रोसिस्टिसचे काही वाण विष करतात, काही करत नाहीत. ते प्रयोगशाळाच सांगते, तोवर विषारीच धरायचं. आणि सगळेच सायनो वाईट असंही नाही. लोणारचं खारं पाणी हिरवं दिसतं ते बऱ्याच अंशी स्पिरुलिनामुळे, आणि स्पिरुलिनाच्या गोळ्या तर लोक विकत घेऊन खातात.

ऊन आणि खत दोघांनाही लागतं. मग तलाव कुणाचा होईल हे कशावर ठरतं? पाणी उथळ आणि नितळ असेल, ऊन तळापर्यंत पोचत असेल, तर शेवाळ तळापासून वाढतं. सायनोला तळाशी देणंघेणं नाही. त्याच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे ते गढूळ पाण्यातही वर येऊन ऊन खातं आणि खालच्यांवर सावली धरतं. पाणी पंचवीस अंशांच्या वर तापलेलं, वारा पडलेला, पाणी संथ, असं जमलं की त्याचं फावतं. आपल्याकडे हे दोनदा जुळतं: मे महिन्यात, तलाव आटून डबकं होतो तेव्हा, आणि पावसानंतर, ऑक्टोबर हीटमध्ये. धानाच्या बांध्यांतलं डीएपी आणि सुपर फॉस्फेट तोवर वाहून तलावात आलेलं असतं. खरी किल्ली फॉस्फरसचीच. ॲनाबिनासारखे काही सायनो नत्र हवेतून घेतात, फॉस्फरस मात्र पाण्यातूनच लागतो. तो गाळातही साठून राहतो, आणि तळाशी ऑक्सिजन संपला की गाळ तो पुन्हा पाण्यात सोडतो. त्यामुळे उन्हाळ्यात गाळ उपसून शेतात टाकला तर तलावाचंही भलं होतं.

औषध मारण्याची घाई मात्र इथे अंगाशी येते. मोरचूद टाकला की पेशी फुटतात आणि आतलं विष एकदम पाण्यात उतरतं. पाणी स्वच्छ दिसतं आणि आधीपेक्षा घातक होतं. उकळूनही हे विष जात नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या नळाला हे विष आलं, तेव्हा लोकांना पाणी उकळून पिऊ नका, असंच बजावलं होतं. मासळीचं म्हणाल तर मांसापेक्षा काळजात (यकृतात) आणि आतड्यांत विष जास्त साठतं. साय असलेल्या तलावातला मासा न खाल्लेलाच बरा. खायचाच झाला तर पोट पूर्ण काढून, चांगल्या पाण्यात धुऊन.

ढोरांसाठी वाऱ्याकडे बघा. पश्चिमेचा वारा असला की साय पूर्वेच्या काठाला गोळा होते. त्या दिवशी ढोरं पश्चिमेच्या काठाला न्या, आणि तिथेही साय दिसली तर हापशीवर. वारा फिरला की साय रातोरात काठ बदलते, म्हणून काल पाजलेल्या जागीही आज आधी काडी घालायची.