गोल बेलरच्या बेल्टची निगा आणि जोडकाम

हे पत्रक बेल्टवर चालणाऱ्या गोल बेलरसाठी, म्हणजे शेतातलं पाचट-गवत उचलून त्याचे गोल गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रासाठी आहे. लहान गोल बेलरांपैकी बऱ्याच यंत्रांत बेल्टऐवजी लोखंडी रोलर किंवा साखळी असते. त्यांची देखभाल वेगळी.

बेलरमधले सगळे बेल्ट शेजारीशेजारी, एकाच ताणाखाली फिरतात. त्यातला एक आखूड झाला की गठ्ठ्याचा जोर त्याच्यावरच येतो आणि तुटायची पाळीही त्याचीच. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला आम्ही हेच सांगतो, बेल्टची लांबी सारखी ठेवा. सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत आखूड बेल्टमध्ये दोन इंचांहून जास्त फरक आम्ही ठेवत नाही. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळा.

बेल्टला हात लावण्याआधी ट्रॅक्टर बंद करा, किल्ली खिशात ठेवा, पीटीओ (ट्रॅक्टरवरून बेलरला फिरवणारा दांडा) थांबल्याची खात्री करा. मागचं दार उघडं ठेवून आत जायचं असेल तर दार उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचा लॉक लावल्याशिवाय जाऊ नका. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर दाराखाली कुणीही उभं राहू नये.

बेल्ट बहुतेक वेळा जोडावरच जातो. जोडात बेल्टच्या दोन्ही टोकांना लोखंडी क्लिपा असतात आणि त्यांच्या कड्यांमधून एक पिन जाते. आधी झिजते ती पिन. ती बाहेर काढून बोट फिरवा. खाचा लागल्या तर लगेच बदला. झिजलेली पिन तशीच चालवली की क्लिपांच्या कड्याही खराब होतात आणि मग जोडच नवा करावा लागतो. पिनेचं टोक बाहेर आलेलं असेल तर ते शेजारच्या बेल्टची कड कापतं.

नवा जोड करताना बेल्ट काटकोनातच कापला पाहिजे. इथे बहुतेकजण गुण्या बेल्टच्या कडेला लावतात आणि चुकतात, कारण जुनी कड झिजून वाकडी झालेली असते. टोकापासून थोडं मागे तीन ठिकाणी रुंदीचा मध्य काढा, ते बिंदू सरळ रेषेने जोडा आणि गुण्या त्या रेषेला लावून कापा. क्लिपांची पट्टी बेल्टच्या रुंदीपेक्षा किंचित कमी ठेवा. फिरण्याच्या दिशेने मागे राहणारा कोपरा तिरका छाटा, म्हणजे तो कुठे अडकत नाही. फाटलेला भाग मोठा असेल तर बेल्ट आखूड करू नका. तेवढाच तुकडा त्याच जातीच्या, त्याच जाडीच्या बेल्टचा घालून दोन जोड करा. जुन्यांमध्ये एकच कोरा बेल्ट घालणं आम्हाला पसंत नाही. जुने ताणून लांबलेले असतात, त्यामुळे मापाने बरोबर असलेला नवा बेल्टही तिथे आखूडच ठरतो.

बेल्ट एका बाजूला सरकत असेल तर आधी रोलर बघा. ओलसर पाचट किंवा हिरवं गवत रोलरवर चिकटून थर बसतो, तिथे रोलर जाड होतो आणि बेल्ट त्या जाड भागाकडे चढतो. थर खरवडला की बेल्ट बऱ्याचदा आपोआप जागेवर येतो. तरीही सरकला तर बेअरिंग तपासा. तापलेलं बेअरिंग आणि सुकं पाचट एकत्र आलं की आग लागते, म्हणून दिवसाच्या शेवटी यंत्र झाडून काढा आणि आग विझवायचं सिलिंडर ट्रॅक्टरवर असू द्या.

चालवण्याची पद्धतही महत्त्वाची. शेतात ओढून ठेवलेल्या मालाची अरुंद ओळ सतत एकाच बाजूने घेतली तर गठ्ठा एका टोकाला जाड होतो. तिकडचे बेल्ट ताणले जातात, दुसरीकडचे सैल पडून एकमेकांवर चढतात. बेलरच्या तोंडात थोडा वेळ डाव्या कडेला, थोडा वेळ उजव्या कडेला माल द्या. ओळ बेलरच्या तोंडाइतकी रुंद असेल तर सरळ चालवा.

हंगाम संपला की बेल्ट साफ करा, तेल-डिझेल पुसा आणि यंत्र सावलीत ठेवा.

जोडकामाला येताना शक्य तर सगळे बेल्ट आणा, निदान प्रत्येकाची लांबी मोजून लिहून आणा. काढण्याआधी बेल्ट कोणत्या रोलरवरून कसा गेलाय आणि खडबडीत बाजू कुठे आहे, याचे मोबाइलवर फोटो काढा. सोयाबीनची काढणी आणि ऊसतोड जवळजवळ लागूनच येतात, तेव्हा आमच्याकडे गर्दी असते. दसऱ्याच्या आधी आणलेलं काम आम्हाला निवांतपणे करता येतं.