तिसऱ्या दिवसाची चिडचिड मोजायची कशी?

बिडी-सिगारेट सोडली की दोन-तीन दिवसांत घरात खटके उडायला लागतात. ‘यापेक्षा ओढत होतास तेच बरं होतं,’ असं घरचेच म्हणून बसतात आणि माणूस पुन्हा टपरी गाठतो. सोडणाऱ्याला सगळ्यात जास्त आधार लागतो तो याच दिवसांत. म्हणून हा त्रास आकड्यात मांडणं मला फार मोलाचं वाटतं.

रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. त्याला सरावलेला मेंदू काही तासांतच कुरकुरायला लागतो. ही कुरकुर मोजायला ह्यूज आणि हात्सुकामी या अमेरिकी संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेली मिनेसोटा मोजपट्टी आजही वापरात आहे. राग-चिडचिड, काळजी, उदासी, अस्वस्थपणा, लक्ष न लागणं, झोपमोड, वाढलेली भूक आणि तलफ, प्रत्येकाला ० ते ४ गुण. ० म्हणजे त्रास नाही, ४ म्हणजे अगदी तीव्र. तलफ बिडी चालू असतानाही येतेच, त्यामुळे तिचा आकडा बरेचदा बेरजेत न धरता वेगळा ठेवतात.

खरी मेख आहे ती सोडण्याआधीच्या नोंदीत. समजा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा एखादा हमाल आहे. हंगामात अंग दुखतं, पहाटेच उठावं लागतं, त्यामुळे बिडी चालू असतानाच त्याची झोपमोड २ वर आहे. सोडल्यावर ती ३ झाली, तर निकोटिनच्या खात्यावर फार तर १ टाकता येईल. आधीचा कागदच नसेल तर सगळं खापर बिडी सोडण्यावर फुटतं! शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलनाही करू नये, कारण एकाचा ३ दुसऱ्याला २ वाटू शकतो. आपलाच कालचा आणि आजचा आकडा ताडून पाहावा.

राग स्वतःला कमीच दिसतो, म्हणून चिडचिड, अस्वस्थपणा अशा दिसणाऱ्या लक्षणांसाठी घरच्यांनी भरायचा कागदही आहे. तो बायकोने किंवा आईने जरूर भरावा.

बहुतेक लक्षणं पहिल्या आठवड्यात शिगेला पोचतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. भूक मात्र त्याहून जास्त काळ रेंगाळते, तेव्हा बाकीचे आकडे उतरले आणि हाच वर राहिला, तर घाबरू नये. तलफ ४ वरून हलतच नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेवर, फोन करावा, तो मोफत आहे. निकोटिनचं च्युइंगगम किंवा पट्टी घ्यावी का, हेही डॉक्टरांना विचारावं. जाताना भरलेले कागद सोबत न्यावेत.