डोळ्यांसाठी रचलेलं नाटक

खानदेशातल्या एखाद्या कर्णबधिर मुलांच्या शाळेचं स्नेहसंमेलन पाहिलं असेल, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. मंचावर मुलं नाचत असतात, स्पीकरवर आखाजीचं नाहीतर कानबाईचं गाणं लागलेलं असतं, आणि सगळ्या मुलांची नजर मात्र विंगेत खिळलेली असते. तिथे बाई उभ्या राहून एकेक स्टेप करून दाखवत असतात. टाळ्या पडतात, पालकांचे डोळे भरून येतात. मुलांची मेहनत खरी असते, बाईंची तळमळही खरी असते. पण हा कार्यक्रम ऐकणाऱ्यांनी ऐकणाऱ्यांसाठी बसवलेला असतो. गाणं मुलांपर्यंत पोचत नाही, ताल त्यांनी निवडलेला नसतो, आणि समोर बसलेल्या आपल्या आईकडे मान वर करून बघायचीही त्यांना सोय नसते.

नाटक बसवणारी व्यक्तीच कर्णबधिर असेल, तर ते नाटक मुळापासून वेगळं होतं. संवाद गाळले की झालं मूकनाट्य, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. प्रत्यक्षात अशा नाटकाची उभारणीच निराळ्या पायावर होते. तो पाया समजून घ्यायचा तर आधी नजरेपासून सुरुवात करावी लागेल.

हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. अंगठ्याच्या नखाएवढा जो भाग दिसतो, साधारण तेवढ्यातच आपल्याला बारकावे लख्ख दिसतात. बाकीचं दृश्य अंधुक असतं. डोळे सतत इकडेतिकडे फिरून ते भरून काढतात. आता दोन माणसं खुणांच्या भाषेत बोलत असताना त्यांच्याकडे बघा. हात भराभर चालू असतात, पण समोरच्याची नजर हातांवर नसते, ती चेहऱ्यावर असते. भुवया, डोळे, ओठ, डोक्याचा कल यांत व्याकरण असतं, प्रश्न आहे की विधान तेही तिथूनच कळतं. हात वाचले जातात ते नजरेच्या कडेने.

कडेची ही नजर कर्णबधिरांमध्ये खरोखर वेगळी असते. हेलन नेव्हिल, डाफ्ने बाव्हेलिए अशा संशोधकांच्या प्रयोगांतून दिसलं की जन्मापासून ऐकू न येणाऱ्या लोकांची दृष्टी काही जास्त तीक्ष्ण नसते. चष्म्याचा नंबर लागायचा तो लागतोच. पण दृश्याच्या कडेला काही हललं, तर तिकडे त्यांचं लक्ष ऐकणाऱ्यांपेक्षा चांगलं जातं. हे कसं होतं याचा फार सुंदर पुरावा 2010 मध्ये स्टीफन लोम्बर आणि सहकाऱ्यांनी जन्मतः बहिऱ्या असलेल्या मांजरांवरच्या प्रयोगातून दिला. या मांजरांना कडेची वस्तू नेमकी कुठे आहे ते आणि अगदी सावकाश होणारी हालचालही ऐकणाऱ्या मांजरांपेक्षा चांगली टिपता येत होती. मग संशोधकांनी त्यांच्या मेंदूतला एरवी आवाजाचं काम करणारा विशिष्ट भाग तात्पुरता थंड करून बंद ठेवला. एक भाग बंद केला की कडेचं ठिकाण ओळखण्यातली आघाडी गेली, दुसरा भाग बंद केला की हालचाल टिपण्यातली. म्हणजे कानाची जागा मेंदूत ओस पडलेली नव्हती, तिथे डोळ्याचं काम चालू होतं.

रंगमंचावर याचा थेट परिणाम होतो. ऐकणारा दिग्दर्शक प्रेक्षकांचं लक्ष आवाजाने वळवतो: दार वाजलं, पाठीमागून हाक आली. कर्णबधिर दिग्दर्शक तेच काम कडेच्या हालचालीने करतो. मंचाच्या उजव्या टोकाला एका नटाची बोटं नुसती थरथरली, तरी जाणत्या प्रेक्षकाला ते पुरतं. दोन ठिकाणी एकाच वेळी महत्त्वाचं काही घडू द्यायचं नाही, ही शिस्तही त्यातूनच येते, कारण कान दुसरीकडे ठेवून डोळ्याने इकडे बघायची सवलत इथे नाही.

नुसत्या हालचालीत किती अर्थ भरलेला असतो, हे 1973 मध्ये स्वीडनच्या उप्साला इथले गुन्नार योहान्सन यांनी दाखवलं. माणसाच्या मुख्य सांध्यांवर दहा-बारा दिवे लावले आणि बाकी सगळा अंधार केला. माणूस स्थिर असताना बघणाऱ्याला नुसते ठिपके दिसत. तो चालू लागला की क्षणार्धात ओळख पटे: माणूस चालतोय. चेहरा नाही, कपडे नाहीत, आवाज नाही, तरी गती मेंदूला पुरेशी होते. पश्चिम खानदेशातल्या कोकणी आदिवासींच्या गावांतला भोवाडा, म्हणजे मुखवटे घालून रात्रभर चालणारं लोकनाट्य, पाहिलेल्यांना हे पटायला वेळ लागणार नाही. लाकडी मुखवट्यावरचा भाव रात्रभर बदलत नाही, पण पाय, खांदे आणि मान यांच्या चालीवरून देव कोण आणि राक्षस कोण ते पोराबाळांनाही कळतं.

मात्र भोवाडा आणि कर्णबधिरांचं नाटक यांत एक मोठा फरक आहे. मुखवट्याने चेहरा झाकला की खुणांच्या भाषेचं अर्धं व्याकरण झाकलं जातं. चेहरा झाकून कर्णबधिर नट उत्तम देहनाट्य करील, पण बोलू शकणार नाही. कारण खुणांची भाषा म्हणजे हावभाव नव्हेत. अमेरिकेतल्या गॅलोडेट विद्यापीठातले विल्यम स्टोको यांनी 1960 मध्ये दाखवून दिलं की तिथल्या खुणांनाही बोलीतल्या ध्वनींसारखे घटक आहेत: हाताचा आकार, त्याची जागा, त्याची हालचाल. पुढे उर्सुला बेलुगी आणि सहकाऱ्यांनी पक्षाघात झालेल्या कर्णबधिर रुग्णांचा अभ्यास केला. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की, ऐकणाऱ्यांची वाचा जाते तशी या रुग्णांची खुणांची भाषा विस्कटत होती. 1992 मध्ये याच परंपरेतल्या संशोधकांनी एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला खुणांच्या भाषेतले शब्द सुचत नव्हते, पण तीच गोष्ट मूकाभिनयाने तो व्यवस्थित करून दाखवत होता. हात तेच, पण शब्द आणि नक्कल ही दोन कामं मेंदूत वेगळी पडली होती.

मला या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. कर्णबधिर नट या दोन्ही वाटांवर एकाच वेळी चालतो. एका क्षणी तो भाषा बोलतो, पुढच्या क्षणी तो गोष्टीतली वस्तूच होऊन जातो, आणि मधली सीमा इतक्या सफाईने ओलांडतो की प्रेक्षकाला सांधा दिसत नाही. ऐकणारा माणूस मूकाभिनय शिकू शकतो, पण लहानपणापासून अवकाशात व्याकरण मांडणाऱ्याचा हात वेगळाच पडतो.

या कलेला एक ठसठशीत रूप बर्नार्ड ब्रॅग यांनी दिलं. कर्णबधिर आईवडिलांच्या पोटी 1928 मध्ये जन्मलेले ब्रॅग स्वतः कर्णबधिर होते. 1956 मध्ये ते पॅरिसला मार्सेल मार्सो यांच्याकडे मूकाभिनय शिकले आणि नंतर त्यांनी 'व्हिज्युअल व्हर्नॅक्युलर' ही शैली घडवली. नट एका जागी उभा राहतो आणि सिनेमाचा कॅमेरा आपल्या शरीरातच चालवतो. दूरचं दृश्य, जवळचं दृश्य, कट, संथ गती, सगळं.

रावेरचा एखादा कर्णबधिर तरुण या शैलीत वादळाची गोष्ट सांगतोय असं धरू. मे महिना सरत आलाय, बाग घडांनी लगडलीय. तरुण दोन्ही हात कोपरापासून उभे करतो: ही केळीची खोडं. बोटं पसरली की पानं. हात थोडे आखडून मागेमागे रांगेने टेकवत जातो, आणि बाग पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरते. झटक्यात खांदे वळतात, डोळे बारीक होतात. आता तो बागेतला शेतकरी आहे, आभाळाकडे बघतोय. पुन्हा झटका: गाल फुगतात, तोच आता वारा. मग एक हात केळीचं एकच पान होतो, चेहऱ्याच्या अगदी जवळ येतो, आणि सरळ ताठ असलेली बोटं एकेक करत फाटत जातात. पानाच्या चिंध्या होताना आपण त्या इतक्या जवळून पाहतो. खोडाला दिलेला टेकू घसरतो, मनगट हळूहळू वाकतं, घडाच्या वजनाने उभा हात कलंडतो. शेवटी दोन्ही तळवे आडवे, पुन्हा मागेमागे रांगेने, तीच बाग, तेवढीच लांब. यात शब्दकोशातली एकही खूण वापरावी लागत नाही, आणि सावद्याच्या बाजारात उभं राहून हे केलं तर ऐकणाऱ्या माणसालाही समजावून सांगावं लागणार नाही.

खांदे वळवून पात्र बदलणं ही खुणांच्या भाषेतली रोजची रीत आहे. आईने काय म्हटलं आणि मामाने काय उत्तर दिलं, हे सांगताना प्रत्येकाला हवेत एक जागा दिली जाते, आणि त्या जागेकडे नजर वळली की बोलणारा बदलतो. ब्रॅग यांनी ही घरगुती रीत मंचावर आणली. 1967 मध्ये अमेरिकेत नॅशनल थिएटर ऑफ द डेफ ही फिरती नाटकमंडळी सुरू झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. कोलकात्यातही 'अ‍ॅक्शन प्लेअर्स' ही कर्णबधिर कलाकारांची मंडळी 1970 च्या दशकापासून उभी राहिली. हे सगळं इतक्या उशिरा घडलं त्याला इतिहासही कारण आहे. 1880 मध्ये मिलानच्या शिक्षकपरिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करून मुलांना बोलायलाच शिकवायचं ठरवलं. तो ठराव चुकीचा होता हे त्याच परंपरेतल्या परिषदेने व्हँकुव्हरमध्ये मान्य केलं ते थेट 2010 मध्ये. मधल्या पिढ्या हात मागे बांधून वाढल्या.

आता तालाकडे. कर्णबधिरांना ताल कळत नाही असं म्हणणाऱ्याने अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीला रात्रभर उभं राहावं. मोठमोठे ढोल वाजू लागले की तो आवाज छातीत आणि पायांखालच्या जमिनीत शिरतो, नाचणाऱ्यांच्या कमरेचे वाळलेले भोपळे आणि घुंगरं अंगावर आपटतात. कान साधारण 20 ते 20,000 हर्ट्‌झपर्यंतच्या कंपनांना दाद देतो. त्वचेची धाव सुमारे हजार हर्ट्‌झपर्यंतच, पण त्यातही 250 हर्ट्‌झच्या आसपासची कंपनं तिला सगळ्यांत चांगली कळतात. ढोलाचा घुमारा त्वचेच्या टप्प्यात आरामात येतो. आणि इथेही मेंदू जागा वाया घालवत नाही. अमेरिकन संशोधक डीन शिबाता यांनी 2001 मध्ये मांडलं की जन्मापासूनच्या कर्णबधिरांच्या हाताला कंपन दिलं की त्यांच्या मेंदूतला एरवी ऐकण्याचा असलेला भाग चेततो. त्यामुळे मंच कशाचा आहे याला महत्त्व येतं. फळ्यांचा पोकळ मंच पावलाचा ठोका नटापासून नटापर्यंत नेतो; सिमेंटचा भरीव ओटा तो गिळून टाकतो. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत सिमेंटचाच ओटा असतो. त्यावर लाकडी फळ्या टाकल्या तर विंगेतल्या बाईंची गरज बरीच कमी होईल.

पण फळ्या टाकण्याआधी भाषा हवी, आणि खानदेशात खरी अडचण तिथे आहे. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या घरी जन्मतात. शिरपूरकडच्या किंवा धडगावच्या पाड्यावर वाढणाऱ्या अशा मुलाभोवती अहिराणी असते, भिली असते, पावरी असते, आणि त्यातलं काहीच त्याच्यापर्यंत येत नाही. घरच्यांशी दहावीस खुणांवर भागतं. बाळाच्या मेंदूला भाषेची भूक मात्र जन्मापासून असते. लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि पाउला मॅरेंटेट यांनी 1991 मध्ये दाखवलं की खुणांची भाषा बोलणाऱ्या घरातली कर्णबधिर बाळं हातांनी बोबडं बोलतात, इतर बाळं तोंडाने बोलतात तसंच. पहिली काही वर्षं भाषेविना गेली, तर ती तूट पुढे पुरती भरून निघत नाही.

निवासी शाळेत आल्यावर असं मूल पहिल्यांदा आपल्यासारख्यांना भेटतं. रात्री जेवणं झाली की मोठी मुलं गोलात बसून गोष्टी सांगतात, शिक्षकांच्या नकला करतात, पाहिलेला सिनेमा हातांनी पुन्हा दाखवतात. निकाराग्वात 1970 च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुलं पहिल्यांदाच मोठ्या संख्येने एका शाळेत जमली, आणि पटांगणात, बसमध्ये एकमेकांशी बोलता बोलता त्यांनी नवी भाषाच घडवली. धाकट्या मुलांनी मोठ्यांच्या खुणा उचलल्या आणि त्यांचं व्याकरण अधिक नेटकं केलं. वसतिगृहातला तो गोल मला म्हणूनच नाट्यशाळेइतका मोलाचा वाटतो. नाटकाच्या तालमी तिथूनच सुरू व्हाव्यात. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी 2015 मध्ये दिल्लीत केंद्रीय संस्था स्थापन झाली, तिच्या शब्दकोशात आता दहा हजार शब्द आहेत. त्याचे व्हिडिओ मोबाइलवर दिसतात. पण शब्दकोशाने गोष्ट सांगता येत नाही, ती सांगणाऱ्याकडून उचलावी लागते.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या हौशी नाट्यमंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. कर्णबधिर तरुणांना एखाद्या प्रसंगापुरतं बोलावू नका, एक अख्खं नाटक त्यांच्या हाती द्या आणि तुम्ही प्रकाशयोजना सांभाळा. उजेड चेहऱ्यावर आणि छातीसमोरच्या हातांवर समोरून पडू द्या. फक्त पाठीमागून पडला तर सावल्या बोलतील, नट नाही. कपडे एकरंगी आणि हाताच्या रंगाहून वेगळे असू द्या, चट्टेरीपट्टेरी नकोत. अंधार करून प्रसंग बदलायची सवय सोडा, कारण अंधार झाला की नटांचं आपसातलं बोलणं तुटतं. खुर्च्या सरळ रांगेत न मांडता अर्धगोलात मांडा, म्हणजे प्रेक्षकांनाही एकमेकांचे हात दिसतील. आणि राज्य शासनाच्या दिव्यांग बालनाट्य स्पर्धेत मुलं उतरवणाऱ्या शाळांनी पार्श्वसंगीताची पेनड्राइव्ह भरण्याआधी आपल्याच एखाद्या माजी विद्यार्थ्याला दिग्दर्शनासाठी बोलवावं, त्याला त्याचं मानधन द्यावं, आणि तालमीत त्याचा शब्द शेवटचा मानावा.