करार संपला, एवढंच कळतं : क्रीडा प्रसारणातल्या गैरवर्तनाच्या तक्रारींची पार्श्वभूमी

समालोचकाला किंवा सूत्रसंचालकाला कामावरून काढल्याची बातमी मुंबईत सहसा येत नाही. पुढच्या मालिकेच्या पॅनेलवर नाव नसतं, इतकंच. 2016 मध्ये आयपीएल तोंडावर असताना एका लोकप्रिय समालोचकाचा करार रद्द झाला. 2020 च्या मार्चमध्ये मुंबईच्याच एका माजी फलंदाजाला पॅनेलमधून वगळलं. या दोघांविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवं. पण कारण जाहीर करण्याचं बंधन तेव्हाही कुणावर नव्हतं आणि आजही नाही. देशातल्या सामन्यांचं चित्रण क्रिकेट मंडळ स्वतः करून घेतं, त्यासाठीच्या समालोचकांशी करारही तेच करतं. वाहिनी स्टुडिओतली मंडळी वेगळी नेमते. कॅमेरा आणि ध्वनीची माणसं तर अनेकदा तिसऱ्याच कंपनीची. कोण टीआरपीमुळे गेलं, कोण मर्जीतून उतरलं आणि कुणाचं काम तक्रारीनंतर सुटलं, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नाही.

परदेशात काही हकालपट्ट्या उघडपणे झाल्या, त्या माइक आणि कॅमेरा चालू राहिल्यामुळे. ऑगस्ट 2006 मध्ये कोलंबो कसोटीत एका ऑस्ट्रेलियन समालोचकाने दक्षिण आफ्रिकेच्या मुस्लिम फलंदाजाला ‘दहशतवादी’ म्हटलं. जाहिरातींचा ब्रेक चालू आहे, अशी त्याची समजूत होती. वाहिनीने त्याला तडकाफडकी घरी पाठवलं. जानेवारी 2011 मध्ये ब्रिटनमध्ये महिला सहायक पंचावरची शेरेबाजी बाहेर फुटली. पण तिथल्या फुटबॉल विश्लेषकाची नोकरी गेली ती दुसरी चित्रफीत आल्यावर. तीत तो कॉलर माइक लावण्याच्या निमित्ताने शेजारच्या सूत्रसंचालिकेशी अश्लील सूचक बोलत होता. त्याच्या जोडीदाराने पाठोपाठ राजीनामा दिला.

ही दुसरी चित्रफीत मला जास्त बोलकी वाटते. कॉलर माइक लावायचा म्हणजे वायर कपड्यांच्या आतून न्यायची, ट्रान्समीटर कमरेला अडकवायचा. मेकअप, कपडेपट, ध्वनी या कामांत स्पर्श टळत नाही, आणि ती कामं करणाऱ्यांचं सेटवरचं वजन सर्वांत कमी असतं. डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या वाहिनीत कपडेपट सांभाळलेल्या एका महिलेचा लैंगिक छळाचा दावा गाजला. तीन माजी खेळाडू-विश्लेषक निलंबित झाले, आणि जानेवारी 2018 मध्ये दुसऱ्या एका वाहिनीने आणखी दोघांशी संबंध तोडले. पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या बाईच्या तक्रारीवरून पडद्यावरचे पाच चेहरे उतरले.

आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आणि त्याच विषयावरचा 2013 चा कायदा सर्वांना ठाऊक आहेत. त्यातल्या दोन व्याख्या मात्र या धंद्यासाठीच लिहिल्यासारख्या आहेत. कामाच्या ठिकाणात स्टेडियम आणि स्पर्धेची जागा नावानिशी येते, कामासाठी दिलेली गाडीसुद्धा. आणि कर्मचारी म्हणजे कंत्राटदारामार्फत किंवा रोजंदारीवर आलेली व्यक्तीही, मूळ मालकाला तिची माहिती नसली तरी. म्हणजे वानखेडेबाहेरच्या ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या गाडीत, एका दिवसाच्या बोलीवर आलेली मुलगी कायद्याच्या कक्षेत आहेच. तिने कुणाच्या तक्रार समितीपुढे जायचं, मंडळाच्या, वाहिनीच्या की माणसं पुरवणाऱ्या कंपनीच्या, इथे घोडं अडतं.

ऑक्टोबर 2018 मध्ये तेच झालं, फक्त सर्वांत वरच्या पायरीवर. मी टूच्या लाटेत एका लेखिकेने एका निनावी महिलेचा अनुभव समाजमाध्यमांवर मांडला. आरोप होता मुंबईत मुख्यालय असलेल्या क्रिकेट मंडळाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यावर. सांगितलेली घटना मात्र तो वाहिनीच्या व्यवसायात असतानाची होती. त्याने आरोप फेटाळला. मंडळाचा कारभार तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीतले उरलेले दोन प्रशासक पाहत होते, आणि त्यांच्यातच जुंपली. एकाला आधी चौकशी हवी होती. दुसरीचं, माजी खेळाडू असलेल्या सदस्येचं, म्हणणं होतं की त्याने पद सोडावं, नाहीतर त्याला दूर करावं. शेवटी बाहेरच्या तिघांची चौकशी समिती नेमली गेली आणि अधिकारी रजेवर गेला.

21 नोव्हेंबरला निष्कर्ष आले. समितीतल्या दोघांनी आरोप रचलेले ठरवले. तिसऱ्या, वकील असलेल्या सदस्येने परदेश दौऱ्यातल्या एका प्रसंगात त्याचं वर्तन अनुचित होतं असं नोंदवून लिंगभाव-संवेदनशीलतेचं समुपदेशन सुचवलं. प्रशासकांत पुन्हा एकास एक. बरोबरी झाल्यावर कारवाईचा प्रश्न मिटला आणि अधिकारी कामावर परतला. बहुमताचा निष्कर्ष स्पष्ट आहे, आणि त्या माणसाला दोषी म्हणायला कुणाला आधार नाही. मला खटकते ती रचना. कायद्यातली अंतर्गत समिती मालकाची असते. मालक बदलला की जुन्या ठिकाणच्या तक्रारीला दार कुठलं? तक्रार करायची घटनेपासून तीन महिन्यांची मुदतही केव्हाच उलटलेली. म्हणून कायद्याच्या चौकटीबाहेरची खास समिती बसवावी लागली. तिच्या सदस्यांपासून अधिकारांपर्यंत सगळ्यावर वाद झाला, आणि निष्कर्ष ना आरोप करणारीला समाधान देऊ शकला, ना त्या अधिकाऱ्याच्या नावामागची चर्चा थांबवू शकला. वाहिनीतून मंडळात, मंडळातून जाहिरात संस्थेत अशी ये-जा या क्षेत्रात रोजची असताना ही फट 2018 नंतर बुजवायला हवी होती. ती तशीच राहिली.

सप्टेंबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी या कायद्याखालच्या खटल्यांसाठी कडक गोपनीयतेचे निर्देश दिले. आदेशात नावं नकोत, सुनावणी बंद दाराआड, परवानगीशिवाय वार्तांकन नाही. तक्रारदार बाईला हे कवच लागतंच. पण त्याच कवचाखाली दोषी ठरलेला माणूस कोऱ्या पाटीने पुढच्या वाहिनीत जातो, हेही तितकंच खरं. ओळख न सांगता न्याय मिळाल्याची माहिती प्रसिद्ध करायला कायद्याचं कलम 16 मुभा देतं. ती वापरलेली मला दिसलेली नाही.

मधल्या काळात धंदा फुगला. जून 2022 च्या लिलावात आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. 2023 च्या मोसमात डिजिटल प्रक्षेपण मराठीसह 12 भाषांत आलं. भाषा वाढली की समालोचक, निर्माते, ध्वनिमुद्रक, मेकअपवाले सगळेच वाढतात, आणि यातले कितीतरी मोसमापुरतेच. संध्याकाळी साडेसातचा सामना संपायला अकरा वाजून जातात, त्यानंतरचा कार्यक्रम वेगळा. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षेची व्यवस्था आणि घरी सोडणारी गाडी लागते. नोव्हेंबर 2024 मध्ये दोन मोठे प्रसारण समूह एक झाले. काम देणारी दारं कमी झाली, तसं तक्रार करून त्यातलं एक बंद करून घेणं आणखी महाग पडू लागलं.

जुलै 2025 पासून कंपन्यांना संचालकांच्या अहवालात लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती 90 दिवसांहून जास्त रखडल्या, हे आकडे द्यावे लागतात. मोठ्या वाहिन्यांची पानं त्यामुळे भरतील. दहापेक्षा कमी माणसांच्या पुरवठादाराकडे अंतर्गत समितीच नसते. तिथल्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुंबईत जिल्हे दोन, एकाचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टात, दुसऱ्याचं वांद्रे पूर्वेला. त्या समित्या आणि जिल्हा अधिकारी कागदावर राहू नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाला मे 2023 आणि डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा निर्देश द्यावे लागले.

तक्रारीची मुदत अजून तीन महिन्यांचीच आहे, सबळ कारण लेखी नोंदवून समिती आणखी तीन वाढवू शकते. आयपीएल मेअखेरीस संपली तर पहिली मुदत ऑगस्टअखेरीस संपते. त्याच सुमारास पुढच्या मोसमाच्या कामासाठी फोनाफोनी चालू असते, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, तोच अनेकदा यादी बनवत असतो.